उसातली आग

उंब्रज, माघ महिना, १९४४

चिरंजीव कृष्णात यास,

पलटणीतून तू दर पत्रात बनूची खुशाली विचारतोस आणि मी "बरी आहे" असे लिहितो. ते खोटे आहे. तुझ्या बायकोला क्षय झाला आहे. दिवाळीनंतर मीच तिला अंथरूण आणि ताट-वाटीसकट शिराळ्याला माहेरी पोचवले. "ह्यो रोग तू म्हायेरातनं आणलास," असेही सुनावले. गाडीतून उतरताना तिने एवढेच विचारले, "मामंजी, बरी झाले की न्यायला याल न्हवं?"

काल माझा जुना खोकला दाखवायला मिरजेला गेलो. डॉक्टर म्हणाले, "बाबा, तुमच्या थुंकीत क्षयाचे जंतू आहेत. तुमच्या अंगानं ते सोसलेत, म्हणून तुम्ही हिंडता-फिरता. सुनेला ते तुमच्याकडूनच गेले असणार." मग तिचीच छाती का पोखरली, असे मी विचारले. ते म्हणाले, जंतूंना मारायला तिचे अंग जी आग करते, तीच जंतूंपेक्षा फुफ्फुस जास्त जाळते.

मला आपला उसाचा फड आठवला. रानडुक्कर हुसकायला मी ऊस पेटवला होता. डुक्कर पळाले, ऊस जळाला. तेव्हा तू म्हणालास, "आवं आबा, डुकरानं एवढा खाल्ला नसता."

घरातही मी तेच केले. तू लढाईवर आहेस, वाचून तुझे ध्यान उडेल, म्हणून हे पत्र टपालात टाकवत नाही. उद्या शिराळ्याला जाऊन बनूला मिरजेला नेतो. या वेळी माझे अंथरूण आणि ताट-वाटी गोठ्यात गेली आहेत.

तुझा भित्रा बाप,
आबा