उसन्या नावाचं मिठागर

४ मार्च, बुद्धसंवत २५६७, सोमवार

मिठागराची फाइल बँकॉकच्या आमच्या कचेरीत आली! वीतभर जाड. मेक्लोंगच्या खाडीवरची मिठागरं आणि त्यांना लागून असलेला धक्का. एक परदेशी कंपनी तिथल्या मिठाच्या कंपनीत विलीन होणार. त्यांचा हिस्सा एकोणपन्नास टक्के, उरलेले एकावन्न आपल्या माणसांचे. परक्याला जमीन घेता येत नाही ना, म्हणून ही नेहमीची पळवाट – कागदावर आपला माणूस, मागे त्यांचा पैसा. ही आपली माणसं खरी मालक आहेत की नुसती नावं उसनी दिलीत, ते शोधायचं माझं काम. आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू! अकरा वर्षांत माळी सापडले, ड्रायव्हर सापडले. एकदा तर एका वकिलाची स्वयंपाकीण. चार हॉटेलांची मालकीण, आणि एकाचंही नाव सांगता येईना.

दुपारभर पानं उलटत होते, डोळ्यांपुढे मात्र मेक्लोंग. मार्चमधलं मिठागर – पाण्यात सगळं आभाळ, आणि त्या आभाळातून फळी ओढत चाललेली माणसं. लहानपणी मला वाटायचं, मीठ म्हणजे खरवडलेलं आभाळच. आमचे वरिष्ठ विरोतसाहेब कधी टेबलाशी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. झोप झाली असेल तर यादी बघा, म्हणाले.

७ मार्च, गुरुवार

यादी बघितली. सात नावं. सगळ्यांत मोठा हिस्सा, अठ्ठावीस टक्के, श्रीमती थन्यापोर्न सिरिरुंगरोत यांचा. वय एकसष्ट. व्यवसाय ‘व्यापार’. कसला ते नाही. पत्ता मिठागराच्या कचेरीचाच! ओळखपत्राची झेरॉक्स काळीठिक्कर, चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. नाव मात्र कसं झुळझुळीत. एकसष्ट वर्षांपूर्वी खाडीवर असली नावं कोणी ठेवत नव्हतं.

शिफारस लिहिली – नाव उसनं असल्याचा दाट संशय, समक्ष बोलवावं. सिद्ध झालं तर तीन वर्षांपर्यंत कैद. लिहिताना हात जराही अडखळला नाही.

११ मार्च, सोमवार

शिफारस मंजूर. पत्र गेलं. चौकशी २१ तारखेला. विरोतसाहेब म्हणाले, ही केस नीट पार पाडलीत तर बढतीचं बघू. दिवसभर उगाच गुणगुणत होते.

१७ मार्च, रविवार

दर रविवारसारखा सकाळी अकराच्या ठोक्याला कुंगमावशीचा फोन. आई गेल्यापासून हिनंच मला वाढवलं – मेक्लोंगच्या बाजारात उकडलेले बांगडे विकून. छोट्या टोपलीत मावावेत म्हणून माना मोडून बसवलेले बांगडे. मी एवढी साहेबीण झाले, पण तिच्यासाठी अजून मुंगीच. काय जेवलीस? एवढंच? मग कालचं काय झालं?

आज मध्येच म्हणाली, गरुडाच्या शिक्क्याचं पत्र आलंय, चष्मा फुटलाय, शेजारणीनं वाचलं तर म्हणे बँकॉकला बोलावलंय. मी अर्धवट झोपेत होते. म्हटलं, गरुड सगळ्याच सरकारी पत्रांवर असतो, मावशी. निवृत्तांच्या नाहीतर दवाखान्याच्या योजनेचं असेल. विचारतील ते खरं सांगायचं आणि यायचं.

“खरं सांगितलं की दुसऱ्याचं वाईट होतं ना, मुंगे.”

मी हसले. हिला जन्मात कोणाला नाही म्हणता आलेलं नाही. भीड भिकेची बहीण, असं तिला किती वेळा सांगितलंय! मग म्हणाली, देवळातल्या भंतेंनी दिलेलं नाव काही पावलं नाही बघ. चार वर्षांपूर्वी गुडघे फार दुखायचे, तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून नाव बदललं होतं, आडनावासकट. काय ठेवलं ते मी विचारलंही नव्हतं. विचारायचं काय त्यात? कुंगमावशी ती कुंगमावशी. फोन ठेवून परत झोपले. छान झोप लागली.

१९ मार्च, मंगळवार

जेवणानंतर टेबलावरच डुलकी लागली. स्वप्नात मिठागर. पांढऱ्या उन्हात एक बाई फळी ओढतेय, चेहऱ्याच्या जागी काळा डाग. मी हाका मारतेय, पण तिचं नाव आठवत नाही.

२१ मार्च, गुरुवार

आधी दिसल्या त्या चपला. दाराबाहेर काढून नीट जोडून ठेवलेल्या. सरकारी कचेरीत चपला काढून कोण येतं?

मग मावशी आत आली. माझ्या पदवीदानाला शिवलेला निळा रेशमी ब्लाउज घालून.

तिनं मला पाहिलं. हात जोडून म्हणाली, नमस्कार साहेब. मला! मी विरोतसाहेबांशेजारी बसले होते, हातात पेन. उठायला हवं होतं. नाही उठले.

प्रश्न विरोतसाहेबच विचारत होते. किती हिस्सा आहे? माहीत नाही. कंपनी काय करते? मीठ करत असेल. मग सही का केली?

“मिठागराच्या मालकीणबाईंनी सांगितलं. चाळीस वर्षं त्यांच्या ओट्यावर बसून मासे विकले साहेब. भाडं कधी वाढवलं नाही. त्यांना नाही कसं म्हणायचं?”

मी लिहीत राहिले. शेवटचा प्रश्न सगळ्यांना विचारतात तोच – या खात्यात तुमच्या नात्यातलं कोणी आहे का? मावशीनं माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं.

“नाही साहेब. कोणी नाही.”

चौकशीत खोटं बोलल्याची शिक्षा वेगळी असते. तिला ते ठाऊक नव्हतं, मला होतं. तरी मी वळणदार अक्षरात लिहिलं – कोणी नाही.

ती गेल्यावर बाहेरच्या बाकावर केळीच्या पानात बांधलेली टोपली मिळाली. दोन बांगडे, माना मोडलेले.

२४ मार्च, रविवार

अकरा वाजले. साडेअकरा. बारा. फोन नाही.

मीही केला नाही. काय म्हणून करू? बांगडे फ्रीजमध्ये तसेच आहेत, खाववत नाहीत की टाकवत नाहीत. माझी मलाच लाज वाटते. तिनं मालकिणीला नाव उसनं दिलं ते भिडेपोटी. मी माझं लपवलं ते बढतीपोटी. आणि कैदेत जाणार ती.

चौकशीचा कागद सात दिवसांत दुरुस्त केला तर ते खोटं धरत नाहीत. दुरुस्ती करणाऱ्यानं फक्त लिहून द्यायचं – ठाऊक असून गप्प का बसलो.

२५ मार्च, सोमवार

विरोतसाहेबांकडून कागद परत मागितला. शेवटच्या प्रश्नापुढचं ‘कोणी नाही’ खोडलं. वर लिहिलं – आहे. मी.