सात पोकळ चिनार

ताश्कंद, ११ मार्च २०२४

प्रिय ओइसरा ओपा,

ताई, धाकट्या भावाचा सलाम घे. मर्गिलानला आता थंडी सरली असेल आणि तुझी लेक तुला अजूनही अंगणात बसू देत नसेल. तिचं ऐकू नकोस. भिंतीला पाठ लावून उन्हात बस, गुडघ्यांना बरं वाटेल. माझे गुडघे ठणठणीत आहेत. बासष्टाव्या वर्षीही मी शिडीवर चढतो आणि खाली उभी असलेली तरणी पोरं शिडी धरून घाबरतात.

फोन असताना हे पत्र का लिहितोय, असं तुला वाटलं असेल. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हं हं करतो. "उका, धाकट्या, जेवलास का?" असं तू विचारलंस, की मला सांगायचं असतं ते राहूनच जातं. कागद मधे बोलत नाही, म्हणून कागद घेतला. शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस, चष्मा लावून स्वतः वाच.

आधी बातम्या. गल्लीच्या तोंडाशी असलेला जर्दाळू यंदा आठवडाभर आधीच फुलला. सूनबाईनं तुझ्यासाठी सुकवलेली खरबुजं बांधून ठेवलीत. नातू आता मला "आजोबा, तुम्ही झाडांचे डॉक्टर आहात ना?" असं विचारतो. मी हो म्हणतो. पाच वर्षांच्या पोराला आणखी काय सांगणार.

गल्लीच्या उत्तरेला तो चपलांचा कारखाना होता ना, तिथं आता नऊमजली चार इमारती उठतायत. निवृत्तीनंतर मी त्याच कंपनीत झाडांचं काम बघतो हे तुला माहीतच आहे, पण काय चाललंय ते तू कधी नीट ऐकून घेतलं नाहीस. आता ऐक. गाड्या ठेवायच्या तळघरावर आम्ही दीड मीटर माती टाकतोय. कुंड्या ठेवायला टाकतात तसली नाही, खरी दीड मीटर, तुती वाढेल एवढी. आरिक, म्हणजे पाण्याचा पाट, पाइपात कोंबायचा नाही, उघडाच वाहता ठेवायचा, हे मी पहिल्या दिवशीच टेबलावर हात आपटून सांगितलं. बुंध्याभोवती सिमेंट नाही. लावणी मार्चमध्ये, नाहीतर नोव्हेंबरात. पलीकडच्या चौकात दुसऱ्या एका बिल्डरनं काय केलं ठाऊक आहे? उद्घाटनाला हिरवं दिसावं म्हणून ऐन चिल्ल्यात, त्या चाळीस दिवसांच्या भट्टीत, दोनशे पाइन लावले. पंधरवड्यात सगळे तांबडे पडले, तर त्यांना फवारणीच्या पंपानं हिरवा रंग मारला! पाऊस आला तेव्हा फुटपाथही हिरवा झाला. मी मुद्दाम नातवाला घेऊन बघायला गेलो होतो.

आमचा संचालक एल्योर चौतीस वर्षांचा आहे, सेऊलला शिकून आलाय. डोकं तेज आहे, फक्त झाडाला पाय असतात असं त्याला वाटतं. "तुर्गून अका, हे इकडून तिकडे नेता येईल का?" असं अदबीनं म्हणतो. मी सांगतो, "तुमच्या सासूबाईंना हलवून बघा आधी, मग चिनाराचं बोलू." हसतो बिचारा. माणूस वाईट नाही.

आता चिनारांचं.

सहासष्टच्या भूकंपानंतर बाबांनी आरिकच्या काठानं अठरा चिनार लावले होते, ते तुला मी काय सांगणार. तू दहा वर्षांची होतीस आणि मी चार. पहिल्या चिल्ल्यात आरिक आटला, तेव्हा ती पोचे गेलेली बादली घेऊन तू लांबच्या नळावरून पाणी वाहिलंस. मी मागून येऊन सांडायचो आणि तू मला धपाटा घालायचीस. त्या अठरांतले दक्षिणेकडचे सात गेले. उत्तरेचे अकरा उभे आहेत, कारखान्याच्या कुंपणाला लागून, म्हणजे आता आमच्या चौथ्या इमारतीच्या तळघराच्या अगदी कडेला.

तीन तारखेला, रविवारी, मोहल्ल्याची सभा झाली. त्याच झाडांखाली, टेबलं मांडून, चहा-नान ठेवून. शंभरेक माणसं होती, पालिकेच्या समितीचे तिघं होते. आता कायद्यानं जिवंत झाडाला हात लावता येत नाही. झाड आजारी आहे असा जाणकाराचा शिक्क्याचा कागद असेल तरच. शिक्का माझ्याकडे होता आणि मी लिहून दिलं होतं की अकराही झाडं निरोगी आहेत, तळघर चार मीटर मागे घ्या.

एल्योर उभा राहिला. त्याच्या हातात एक जुना कागद होता. तो म्हणाला, "मला झाडं तोडायची हौस नाही. पण हा बघा सात वर्षांपूर्वीचा अहवाल. याच रांगेतले, याच वयाचे, याच पाण्यावरचे सात चिनार आतून पोकळ निघाले होते. मग हे अकरा भरीव कसे? उद्या एखादं पोरांच्या अंगावर पडलं तर? मला रात्री झोप लागत नाही." तो खोटं बोलत नव्हता, ओपा. खरंच घाबरला होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुर्गून अका, कागद तुमचाच आहे. सही तुमची आहे."

समितीचे लोक माना डोलवायला लागले. आणि मागून सओदतचा आवाज आला. हो, तुझीच मैत्रीण सओदत. तुझ्याशी बोलायची थांबली, पण आवाज काही थकलेला नाही तिचा. "तेव्हा पोकळ म्हणालास, आता भरीव म्हणतोस! तुझ्या सोयीनं झाड ठरतं काय रे, तुर्गून?"

लोक हसले. मी नाही हसलो.

कोटाच्या खिशात बाबांची छोटी लाकडी मोगरी होती. मागच्या वर्षी तू फोनवर विचारलंस, "बाबांची मोगरी कुठं आहे?" आणि मी म्हणालो, हरवली. हरवली नव्हती. सात वर्षं कपाटात, लोकरी टोपीच्या आत गुंडाळून ठेवली होती. त्या दिवसानंतर मी कुठल्याही झाडावर ती मारली नाही. लोकांना सांगायचो, आता यंत्रं आलीत. बाबा आपल्या दोघांना बुंध्याशी उभं करून मोगरी मारायचे आणि तू कान लावून सांगायचीस, "भरीव!" तुझा कान माझ्यापेक्षा चांगला होता. मी नुसता तुझी री ओढायचो.

ओपा, ते सात चिनार भरीव होते.

सातही. मी प्रत्येकावर तीन जागी मोगरी मारली, खालपासून डोक्याच्या उंचीपर्यंत. प्रत्येकातून तोच घट्ट, कोरडा आवाज आला. मग तेव्हाच्या सरकारी ऑफिसात जाऊन मी लिहिलं, "गाभा पूर्ण पोकळ, त्वरित तोडणे आवश्यक." साहेब म्हणाले होते की तिथं इमारत व्हायचीच आहे, तू लिहिलंस तर तू, नाहीतर तुझ्या खुर्चीवर बसणारा दुसरा लिहील. पेन्शनला माझी पाच वर्षं उरली होती. पण सगळं भीतीनं केलं असंही म्हणणार नाही. माझ्या लेकाला, अझमतला, त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर मिळणार होतं. मिळालं. गृहप्रवेशाला सगळ्यांत आधी तूच आलीस, नान आणि मीठ घेऊन. "माझ्या भावाच्या कष्टाचं घर," असं म्हणालीस. मी चहाचा पियाला तोंडाशी धरून उभा होतो, म्हणून तुला माझा चेहरा दिसला नाही.

इथवरचं पाप माझं एकट्याचं होतं. पण झाडं पडल्यावर सओदतनं भर अंगणात म्हटलं, "तुर्गूननं चिनार विकले." आणि तू उभी राहिलीस. "माझा भाऊ आयुष्यात झाडाबद्दल खोटं बोललेला नाही. पोकळ म्हणाला म्हणजे पोकळ." चाळीस वर्षं तुम्ही दोघी एका कढईत नवरोजची सुमलकची खीर ढवळत होतात. त्या वर्षी तू तुझा डाव उचललास आणि घरी आलीस. पुढच्या वर्षी मर्गिलानला लेकीकडे राहायला गेलीस. गुडघ्यांचं निमित्त सांगितलंस. मला माहीत होतं, निमित्त गुडघ्यांचं नव्हतं. मी तुला गाडीत बसवलं, शिदोरी दिली, हात हलवला. त्याची मला लाज वाटते. झाडांची वाटते त्याहून जास्त.

तर त्या सभेत मी मोगरी काढली आणि पहिल्या चिनारावर मारली. सगळ्यांना आवाज ऐकवला. मग म्हणालो, "हा भरीव आहे. ते सातही असेच होते. कागद खोटा आहे. मी लिहिला, जाणूनबुजून लिहिला. त्या कागदावरून या अकरांना पोकळ ठरवू नका." एवढंच.

सओदत उठली आणि घराकडे चालू लागली. मला वाटलं, गेली. पण ती परत आली, काखेत एक लाकडी चकती घेऊन, समोवारखाली ठेवतात तसली. टेबलावर चहाच्या भांड्यांमधे ती ठेवून म्हणाली, "मोजा वर्तुळं. तोडलं त्याच दिवशी मजुराकडून कापून घेतली होती. मधे सुईच्या टोकाएवढंही भोक नाही." चहाचे डाग पडून चकती काळी झाली आहे, पण गाभा गच्च आहे.

मी विचारलं, "सओदत ओपा, हे तुमच्याजवळ होतं, तर ओइसराला का नाही दाखवलं? तिनं तुम्हाला खोटारडी म्हटलं होतं."

तर म्हणाली, "एकदा निघाले होते काखेत घेऊन. तुझ्या दारापर्यंत आले. ती तुझा शर्ट इस्त्री करत होती, गुणगुणत. परत फिरले. मैत्रीण गेली तर दुसरी मिळते म्हटलं, तिला भाऊ एकच आहे." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "दुसरी काही मिळाली नाही, सांग तिला."

म्हणून सांगतोय.

आता पुढचं, घाबरू नकोस. समितीनं अकराही झाडं राखायचं लिहून घेतलं. एल्योर उठला आणि नकाशावर पेन्सिलीनं स्वतः रेघ मारली, चार मीटर मागे. नव्वद गाड्यांऐवजी सहासष्ट मावतील. मी शिक्का समितीच्या टेबलावर ठेवला आणि जुन्या अहवालाबद्दल जे खरं ते लिहून सही केली. त्याचं जे व्हायचं ते होईल. मी पळणार नाही. एल्योरला राजीनामा द्यायला गेलो तर म्हणाला, "शिक्का गेला, मोगरी आहे ना? सोमवारी आठ वाजता या, खड्डे चुकीचे खणतायत." आज सोमवार आहे. खरंच चुकीचे खणत होते.

अझमतला घरी आल्यावर सांगितलं. तो दोन तास बाल्कनीत उभा राहिला, जिथून ते सात चिनार दिसले असते. आत येऊन एकच वाक्य बोलला, "आत्याला सांगितलंत का?" त्यानंच हा कागद पुढ्यात ठेवला.

रविवारी, सतरा तारखेला, हशर आहे. अख्खा मोहल्ला फावडी घेऊन येणार. अझमतच्या इमारतीपुढचं डांबर आम्ही उखडतोय, सगळ्या रहिवाशांनी सह्या दिल्यात. पाच गाड्यांची जागा जाईल, त्यात पहिली आमची. तिथं आरिक पुन्हा उघडा करायचा आणि काठानं सात चिनार लावायचे. रोपं मी स्वतः निवडलीत, अंगठ्याएवढ्या बुंध्याची. मोठी आणून मिरवायची नाहीत, लहानच नीट जगतात. सावली आपल्याला मिळणार नाही, नातवाला मिळेल. मी हे काम चांगलं करणार आहे, ओपा. झाड लावायचं आणि जगवायचं मला येतं, ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही.

सहा रोपांना पहिलं पाणी कोण घालणार ते ठरलंय. सातव्याचं सओदत ठरवू देत नाही. "ते ओइसराचं," म्हणते. मी म्हटलं, ती रागावेल, येणार नाही. तर म्हणते, "रागावून येऊ दे."

शनिवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट पाकिटात आहे. स्टेशनवर मी येणार नाही, अझमत येईल. उतरायचं सओदतच्या घरी. तिनं गाद्या उन्हात घातल्यात. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव, मी विचारणार नाही. बाबांची मोगरी मी तिच्याकडेच ठेवून आलोय, तुझ्यासाठी. आल्यावर त्या अकरा झाडांवर एकदा स्वतः मारून बघ आणि कान लाव. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस.

पोचे गेलेली बादली सापडली. बूड गळतंय, पण नळ आता जवळ आहे.

तू ज्याच्यासाठी खोटी ठरलीस तो, तुझा भाऊ
तुर्गून