डोक्यावरची तार

४ फेब्रुवारी

चि. तोफेस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. कामगार सभांतून तुझा घसा शाबूत उरला असेल, तर हाताने उत्तर लिही.

रेल्वेच्या शेडवर रुळांच्या वरून विजेच्या तारा ओढून झाल्या. महिनाअखेरीस वीज सोडणार. डिझेलची इंजिनं काही दिवस त्या तारांखालूनच ये-जा करतील, मग भंगारात. आमच्यासारखे डिझेलचे मिस्त्री कुठे जातील, ते कुणी सांगत नाही. पण मला खरा घोर अप्पांचा आहे. फाटकाशी शोभेला ठेवलेलं त्यांचं कोळशाचं इंजिन नेमकं तारेखाली आलं आहे, आणि ते अजून रोज त्याच्यावर चढून शिट्टी पुसतात. मी परोपरीने सांगितलं, की तारेला हात लागायचीही गरज नाही, नुसतं जवळ गेलं तरी ती ओढून घेते. तर म्हणाले, जिला आग नाही, धूर नाही, आवाज नाही, ती कसली मारते! तुझं ते ऐकतात. तूच लिही.

लोभ आहेच, तो वाढता असू दे.

तुझा दादा

१२ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून घास उतरला नाही. अप्पांना वेगळं लिहिलं आहे, तुझ्या मुलांची शपथ घातली आहे. पण दादा, म्हाताऱ्याला हट्टी म्हणून मोकळा होऊ नकोस. कोळशाने माणसांच्या छात्या खाल्ल्या; अप्पांचा खोकला ऐकतच आपण मोठे झालो. डिझेलने तुझे कान नेले. वहिनीने मागे लिहिलं होतं, की नवऱ्याशी बोलायचं म्हणजे तिलाच सभा घ्यावी लागते. आता वीज येते आहे. येऊ दे. ती स्वच्छ आहे, हवीच आहे, तिच्याविरुद्ध मी शब्द काढणार नाही. पण दर वेळी इंजिनाचं खाणं बदलतं आणि घास मात्र आपल्याच घरचा जातो! इंजिन बदलायला हे लोक वर्षानुवर्षं आखणी करतात, आणि माणूस बदलायला काय, तर एक पाटी: वर चढू नका. हातापायांना कधी वाचता आलं आहे का?

साहेबाला सांग, ते इंजिन तारेखालून हलव. नाही ऐकलं, तर मी येऊन फाटकावर उभी राहते. अप्पांवर लक्ष ठेव, पण रागावू नकोस.

लोभात खंड नसावा.

तुझी तोफ

१ मार्च

चि. तोफेस अ. आ.

तुझा गोळा बरोबर बसला. साहेबाने इंजिन ओढून मोकळ्या जागेत नेलं. अप्पा रुसले, पण आता तिथे बाकावर बसून असतात. काल वीज सोडली. काहीच झालं नाही. ना भडका, ना आवाज. सगळे आपले माना वर करून उभे, जणू कुणी पाहुणा उतरायचा आहे. विजेच्या इंजिनाचं काम शिकणाऱ्यांत माझंही नाव घेतलं आहे. या वयात शाळा! मुलं हसतात. मला मात्र बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

आहे तो लोभ जप.

तुझा दादा

९ मार्च

चि. पोरी,

खाली बसून वाच. सभांसाठी तू गावोगाव हिंडतेस, निरोप कुठेच पोचेना, म्हणून हे तुझ्या घरी टाकतो आहे.

आपला दादा गेला. परवा सकाळी गाडी सुटायची घाई होती. डिझेल इंजिन तापत होतं, तसा तो शिडी धरून छतावर चढला, टाकीतलं पाणी बघायला. जन्मभर तो असाच चढत आला. तारेला त्याने हातही लावला नव्हता. सगळ्यांचा पहारा माझ्यावर होता, पोरी. त्याचाही.

साहेब म्हणतात, पाटी लावलेली होती, चूक त्याचीच. हे मात्र सोसवत नाही. आजवर मी तुझ्या सभांना नावं ठेवली. मुलीच्या जातीने फाटकावर ओरडू नये म्हणालो. आता ये. तो निष्काळजी नव्हता, एवढं चारचौघांत ठणकावून सांग. मी सांगायला गेलो, पण खोकल्याने एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही. तू बोलशील तेव्हा मी पुढे बसेन.

लोभ तुम्हा दोघांत वाटायचा होता. आता सगळा तुलाच.

अप्पा