बांधीतलं जर्किन

२१ ऑक्टोबर
केशोरीत पोचलो एकदाचे! जनावरांच्या दवाखान्यामागचं क्वार्टर मिळालं, तेही अंगणासकट. चारी बाजूंना पिवळं पडत चाललेलं धान. रुचीची बडबड नाशिकपासून थांबलेली नाही. तासाभरात शेजारच्या जमुनाबाईंशी गट्टी जमवून ती वाटीभर भाजीसुद्धा घेऊन आली. मी मात्र आधी माझी लोखंडी पेटी उघडली. तिन्ही जर्किनं सुखरूप आहेत. ब्रिटिश लष्कराची, बिनबाह्यांची, जाड चामड्याची, आतून कांबळ्याचं अस्तर. देवळालीच्या जुन्या बाजारात वर्षानुवर्षं खेटे घालून मिळवलेली. रुची त्यांना माझ्या सवती म्हणते. हौसेला मोल नसतं, हे तिला कोण सांगणार.

२६ ऑक्टोबर
आजचा दिवस सोन्याचा! दुधराम नावाच्या साठीतल्या शेतकऱ्याची गाय अडली होती. दोन तास झटून वासरू जिवंत ओढून काढलं. हात धुताना बांधीकडे (इथे धानाच्या शेताला बांधी म्हणतात) लक्ष गेलं आणि साबण हातातच राहिला. धानात उभ्या बुजगावण्याच्या अंगावर जर्किन होतं. चारही बटणं चामड्याची गोल, म्हणजे थेट पहिल्या महायुद्धातलं.

दुधरामचा आजा फौजेबरोबर मजूर म्हणून समुद्रापार गेला होता, तिथून ते घालून परत आला. म्हातारपणी त्याने ते आपल्या हाताने बुजगावण्याला चढवलं आणि इथून पुढे मीच राखण करतो म्हणाला. तेव्हापासून या बांधीत ना पोपट उतरतो, ना रानडुक्कर शिरतं.

गाय वाचवल्याबद्दल काय देऊ, असं दुधरामने विचारलं. मी जर्किन मागितलं. त्याचा चेहरा उतरला, पण दिलेला शब्द त्याने फिरवला नाही.

"घेऊन जा जी. पन त्याले उघडा नोका ठेवू. तुमच्या आंगचा कपडा घाला. ज्याचा कपडा, त्याची राखन."

माझ्या अंगात नवा स्वेटर होता. जीपमध्ये रुचीचा जुना मरून स्वेटर पडला होता, तोच दिला. तुमचाच ना, राजीखुशीनं देऊन राहिले ना, असं त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणालो. त्याला काय कळणार होतं?

२८ ऑक्टोबर
जर्किन साबणाने स्वच्छ केलं. अस्तर तीन पाण्यांतून काढलं, शंभर वर्षांचा घाम निघाला. उन्हात वाळवून फोटो संग्राहकांच्या ग्रुपवर टाकला. पुण्याचा एकजण तर जळून खाक झाला असेल. रुचीचे खांदे भरून आलेत. सामान हलवल्यामुळे असेल.

३१ ऑक्टोबर
रुची सकाळपासून अंगणात उभी आहे. काय बघतेस विचारलं तर म्हणाली, काही नाही, बरं वाटतं. तोंड दुधरामच्या बांधीकडे. हात अंगापासून जरा लांब धरलेले, ओल्या हातांनी उभं राहतात तसे. चहा जागेवर गार झाला. दिवसभरात ती चार वाक्यं बोलली. आमच्या घरात एवढी शांतता मला सोसवत नाही.

२ नोव्हेंबर
जमुनाबाईंच्या कोंबड्या आता अंगणात येत नाहीत. रुची दिसली की त्यांची गाय दावं तोडायला बघते. मी जनावरांचा डॉक्टर, जनावर कशाला भितं ते मला कळतं. ही जनावरं माझ्या बायकोला भितात.
तिचे केस विंचरले. फणीत तणस आलं. धानाचं, कोरडं. अंगणातून उडून आलं असेल. असेलच.

४ नोव्हेंबर
गोंदियाला दाखवून आणलं. सगळे रिपोर्ट चांगले, विश्रांती द्या म्हणाले.
घरी येऊन मीच तिच्या छातीला नळी लावली. ठोके फार लांबून आले. त्यांच्यावर सळसळ — पेंढीत हात घातल्यावर होते तशी.
आता कळलं. मला आधीच कळलं होतं. मी लिहीत नव्हतो.

५ नोव्हेंबर
दुधरामकडे जाऊन सगळं कबूल केलं. बायकोले उभं केलं जी तुमी, एवढंच तो म्हणाला.
बुजगावण्याचा स्वेटर ओढून काढला. तेवढ्यात जमुनाबाईंचा फोन — रुची पडली, श्वास नाही. पुन्हा चढवला. श्वास आला.
मग सोबत नेलेलं जर्किन स्वेटरवरून चढवून पाहिलं. काही नाही, रुची तशीच, जमुनाबाई फोनवर म्हणाल्या. दुधरामने ते हुंगलं. याले धुतला काऊन, म्हणाला. आजा त्या घामात होता. तो गेला. आता कोणीतरी जितं माणूस हवं, आणि खोटं एकदाच चालतं.
एका जर्किनापायी! थू माझ्या जिनगानीवर.

६ नोव्हेंबर
रुची जेवत नाही. पापणी हलत नाही. हात आता पूर्ण आडवे.
दवाखान्यातल्या उदारामचा शर्ट दोरीवरून उचलला. हो, चोरला. खोटं पुन्हा एकदा खपून जाईल, असं वाटलं. बांधीपर्यंत गेलो. दुधराम धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून नुसता बघत होता. उदारामला दोन लेकरं आहेत —
शर्ट परत दोरीवर टाकून आलो.
तिच्या ओठातून तणसाची काडी ओढली. ओढत राहिलो. संपेना —

७ नोव्हेंबर, सकाळ
बुजगावण्याला माझा स्वेटर घातला. माझाच. दुधरामने विचारलं. राजीखुशीनं, म्हणालो. या वेळी खरं.
रुचीचा घरी आणला.

दुपार
बोलली! पाणी मागितलं, मग भात, मग अंगण झाडलं नाही म्हणून मला झापलं. मी रडलो. ती म्हणाली, वेड लागलं का तुम्हाला.

संध्याकाळी पाच
पायरीवर बसून लिहीत होतो. कधी उभा राहिलो, आठवत नाही. वही कठड्यावर आहे. मान बांधीकडून वळत नाही.
ती आत बोलतेय. जमुनाबाई, भाजी, थंडी. चहा घ्या म्हणतेय. दुसऱ्यांदा म्हणतेय. चिडेल आता. तिला ओ द्यायची आहे — तोंडात काहीतरी कोरडं —
बोटं मिटत नाहीत — ही राखण आणखी कुणावर जायला नको — रुची, माझे कपडे कुणाला देऊ नकोस, तूही घालू न —