भिंतीकडे वळवून लावलेली गाडी

अन्विता,

पहाटे बेंगळुरूहून आलो. तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. खरचटलेली बाजू भिंतीकडे करून तू गाडी लावलीस, ते पाहिलं. गाडीच्या रंगावर ते महागडं सिरॅमिक कोटिंग केल्यापासून मी तुला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, म्हणून घाबरलीस ना? त्या कोटिंगवर पाणी थांबत नाही, पण गेट घासलं तर ओरखडा उठतोच. उठू दे. काल अप्पांना बरं वाटेना तेव्हा तू तशीच गाडी काढलीस, म्हणून ते हॉस्पिटलात वेळेवर पोचले, असं डॉक्टर म्हणाले. अप्पा फोनवर म्हणतात, "सुनेनं वाचवलं, अष्टे. बस्स, एवढंच."

अन्विता, तुझे फार उपकार झाले.

उप्पिट केलंय, खाऊन हॉस्पिटलात ये. मी बसनं जातोय. गाडीची किल्ली तुझ्या उशाशी आहे.

प्रणेश