हलका हात

पिपरी (मेघे),
१० फेब्रुवारी १९८५

प्रिय नलू,

सप्रेम जय भीम. आईच्या टाचेची जखम भरत आली आहे, असं मी तुला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा खोटं लिहिलं.

तुझं पावसाळ्यातलं पत्र मिळालं होतं. मुंबईच्या प्रयोगशाळेतून तू चार पानं लिहिलीस, की जखम भोवतीच्या पेशींना निरोप धाडते. पेशींच्या अंगावरचे रिसेप्टर तो झेलतात, मग पेशी सरकतात, वाढतात, खड्डा भरतो. आईच्या साखरेमुळं हे काम आधीच मंद आहे. तेव्हा दादा, रोज स्पिरिट आणि पेरॉक्साइड ओतू नकोस, निरोप घेणाऱ्या कोवळ्या पेशीच मरतात, मिठाच्या पाण्यानं धू. याखाली तू दोन रेघा ओढल्या होत्यास. मला राग आला. बावीस वर्षं दवाखान्यात ड्रेसर आहे मी. अन् माझ्या कडेवर वाढलेली पोरगी मला पट्टी शिकवते! पत्र फळीवर फेकून दिलं.

मग ईर्षेनंच सकाळ-संध्याकाळ ओतलं. पांढरा फेस आला की वाटे, घाण निघतेय. तळाशी नव्या मांसाचे लाल दाणे दिसले की रक्त येईपर्यंत पुसायचो. म्हातारी हूं की चूं करत नव्हती. शेजारच्या कमलाबाईला मी ऐटीत सांगायचो, आपला हात हलका आहे. अगं, तिची टाच बधिर झाली होती. ड्रेसर असून मला हे कळू नये!

टाच काळी पडली. मागच्या मंगळवारी गुडघ्याखालून पाय कापला. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळं कदाचित गेलाच असता. त्या ‘कदाचित’चा आधार मला घेववत नाही.

येत्या रविवारी तू येशील तेव्हा आई सांगेल, की तीच पट्टी करू देत नव्हती, चोरून गूळ खात होती. साऱ्यांना तेच सांगते. काल मी तिच्यापाशी रडलो, पत्राचं कबूल केलं. तर म्हणाली, “मले मालूम हाय. ते पत्र म्या कमलाबाईच्या पोरीकडून वाचून घेतलतं. तुयं मन मोडवलं नाई, बाप्पा.”

म्हणून तू यायच्या आधी हे लिहितो आहे. तिचं खोटं ऐकून घे, पण खरं हे आहे. कापल्या जागेची जखम अजून ओली आहे. ती कशी धुवायची ते तू दाखव, मी तसंच करीन.

तुझाच अपराधी,
गुलाबदादा