जुन्या राजवाड्यात म्हणायची प्रशस्ती

अल्लाहच्या नावाने. मी रुकिये, पिंजारी बेकिर उस्तांची मुलगी, कवितेतले नाव ‘नेवा’, राहणार जिबाली मोहल्ला, इस्तंबूल. छातीचा आजार वाढला आहे, पण डोके ठिकाणावर आहे. हे मी कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आमच्या घरात लिहिता येणारी मी पहिलीच, म्हणून लेखनिक बोलावलेला नाही.

शरीयतप्रमाणे माझ्या मालमत्तेतला एक तृतीयांश भागच मला मर्जीने देता येतो. बाकीचे बाबांचे. मुळात आहेच थोडके.

फारसी कोश आणि बोरूच्या लेखण्या शेजारच्या शेरिफेमावशींच्या मुलीला द्याव्यात. मावशी म्हणतील, “शिकून तुझं काय झालं, ते दिसतंय की!” तरीही द्याव्यात.

खुंटीवरचा रेशमी झगा माझा नाही. तो राजवाड्याचे कारकून शाकिर एफेंदी यांना परत करावा. मी तो अंगाला लावलेला नाही. मांजर एकदोनदा त्यावर झोपली, तेवढे त्यांनी माफ करावे.

मागच्या सुलतानांच्या आत्या साफिनाझ सुलतान यांनी पिंजाऱ्याच्या पोरीला गुरू नेमून दिला. त्यांच्यावर मी प्रशस्ती रचली. ती त्यांच्यापुढे म्हणण्याआधीच गादी बदलली आणि मागच्या सुलतानांच्या घरातल्या बायकांना कोंडून ठेवतात त्या जुन्या राजवाड्यात त्यांची रवानगी झाली. मग शाकिर एफेंदी हा झगा घेऊन आले.

“अगं, नाव तेवढं बदल. नव्या सुलतानांच्या मातोश्रींचं नाव त्याच वजनात बसतं, मी म्हणून पाहिलंय. सगळेच करतात.”

“मग मला शिकवलं कोणी, तेही बदलू का?”

“तोंड फार चालतं तुझं! बदललंस तर दरबारच्या संग्रहात जाईल, नाहीतर चुलीत.”

मी बदलले नाही. तेव्हापासून कवींपैकी कोणी आमच्या दाराशी फिरकलेले नाही. दार वाजते ते वाऱ्याने.

माझी खरी मालमत्ता म्हणजे ती प्रशस्ती. जुन्या राजवाड्यात कागद आत नेऊ देत नाहीत. पण हिवाळ्याच्या तोंडावर रजयांची लोकर पिंजायला बाबा आत जातात. म्हणून धनुकलीच्या ठेक्यावर मी ती त्यांच्याकडून पाठ करून घेतली आहे. “बाई गं, हे शब्द दाढेत अडकतात माझ्या,” असे म्हणत म्हणत ते शिकले. शेवटच्या ओळीत कवीचे नाव येते. तिथे बाबा दर वेळी ‘नेवा’ऐवजी ‘माझी रुकिये’ म्हणतात आणि वृत्त मोडते. आधी मी रागावत असे. आता ते तसेच राहावे, अशी माझी इच्छा आहे.

बाबा, तिथल्या अंगणात उत्तरेकडच्या खिडकीच्या जाळीखाली बसा. साफिनाझ सुलतान त्या जाळीमागे बसतात, असे ऐकले आहे. मोठ्याने म्हणा. प्रशस्तीला बिदागी द्यायची रीत आहे, पण त्यांच्याजवळ आता काय असणार? जाळीतून एखादा धागा जरी खाली आला, तरी तो आणून माझ्या कबरीच्या मातीत पुरा. काहीच आले नाही, तर मला बरे वाटावे म्हणून खोटे सांगू नका. फक्त लगेच उठू नका. आणखी एक रजई पिंजून होईपर्यंत तिथेच बसा.

सही: रुकिये बिन्त बेकिर

साक्षीदार:
इमाम लुत्फुल्लाह एफेंदी (सही)
भटारी दुरमुश आगा (अंगठा)

वरील मजकूर बेकिर उस्तांना आमच्यासमक्ष वाचून दाखवला. ते म्हणाले, “एक कशाला? असतील तेवढ्या सगळ्या पिंजीन.” त्यांच्या आग्रहावरून हेही लिहिले.

जिबाली, इस्तंबूल. रज्जब महिना, नव्या सुलतानांचे पहिले वर्ष.